तिच्या बोलण्याचा फॉन्ट

"पाणी?"

बाईसाहेबांनी मान हलवली. नाही.

"खिडकी उघडू?"

नाही.

"मग उशी. उशीच असणार. हा उशीचा होता ना? का त्याच्या शेजारचा?"

बाईसाहेबांनी डाव्या हाताचं बोट पुन्हा पडद्यावर आपटलं. टक टक. लॅपटॉप नवाकोरा, पडदा हलका. प्रत्येक टकटकीला तो मागे झुकायचा आणि तक्तेबुवा त्याची मानगूट धरून त्याला सरळ करायचे. पडद्यावर ओळीने डबे मांडले होते. चौकोनी, पोकळ, एका साच्यातून काढल्यासारखे. जुन्या कॉम्प्युटरवर याच घरांत पेला होता, खिडकी होती, उशी होती. इथे नुसते डबे.

"बाबा, काहीतरी चुकलंय," पलंगाशी उभी असलेली लेक म्हणाली. लॅपटॉप तिनेच आणला होता, रजा टाकून, एवढा प्रवास करून.

"चुकलंय कसलं, चित्रं रुसलीत. नवीन घर ना, लाजतायत." तक्तेबुवांनी हातांची बोटं मोडली. "फॉन्टची भानगड आहे. आत्ता काढतो बाहेर एकेकाला."

आणि ते फॉन्टची यादी उघडून बसले. एक फॉन्ट लावला, डबे. दुसरा लावला, डबे जरा जाड झाले. तिसऱ्यात डब्यांच्या पोटात प्रश्नचिन्हं आली. चौथ्यात पाण्याच्या घरात कुठल्याशा कंपनीचं बोधचिन्ह उमटलं आणि उशीच्या घरात परक्या लिपीतलं एक गिचमिड अक्षर. "अगं, तू तर परदेशी भाषा बोलायला लागलीस," ते बाईसाहेबांना म्हणाले. बाईसाहेबांचं बोट चालूच होतं. टक टक. टक टक.

"एक मिनिट गं. एकच मिनिट."

पाचवा फॉन्ट. सहावा. टकटक थांबली. तक्तेबुवांना बरंच वाटलं, म्हटलं आता जरा शांतपणे बघता येईल. ते यादीत आणखी खाली उतरले.

"बाबा," लेक हळूच म्हणाली. "राहू दे आता ते."

"का? झालंच आहे."

"आईला बाथरूमला जायचं होतं."

त्यांनी वळून पाहिलं. बाईसाहेब खुर्चीत ताठ बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे. गाऊनवरून ओल उतरत खाली पायांपर्यंत आली होती. डावा हात त्यांनी मांडीवर पालथा ठेवला होता, जेवढं झाकलं जाईल तेवढं झाकायला.

तक्तेबुवांनी लॅपटॉप मिटला.

*

तक्तेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत कोणत्या ड्रायव्हरने कुठली गाडी कधी काढायची, कुणाची सुट्टी, कुणाची रात्रपाळी, याचे तक्ते ते कॉम्प्युटरवर करायचे, म्हणून ते तक्तेबुवा. माणूस कामाला चोख आणि खोड्यांना त्याहून चोख. एकदा त्यांनी साहेबांच्या मशीनमध्ये अशी कळ फिरवून ठेवली की साहेबांनी 'तातडीचे' लिहिलं की त्याचं आपोआप 'चहाचे' व्हायचं. साहेब न वाचता सह्या ठोकणारे. 'सदर काम चहाचे असल्याने त्वरित लक्ष घालावे' असं पत्र वरच्या ऑफिसला गेलं, आणि तिथून 'चहाचे म्हणजे काय' अशी विचारणा आली, तेव्हा डेपोत लोक बाकाखाली शिरून हसत होते. तक्तेबुवा मात्र साहेबांपुढे उभे राहून हळहळत होते. "व्हायरस असेल साहेब. हल्ली फार फिरतोय."

बाईसाहेब त्याच स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायच्या. दिवसभर बोलणं हाच धंदा. कुठली गाडी, किती वाजता, कुठल्या फलाटावर, का उशीर, किती उशीर. आणि कुणी आवाज चढवला तर त्याची अशी बिनपाण्याने करायच्या की मागच्या रांगेतली माणसं आपले प्रश्न घरी न्यायची. तरुण तक्तेबुवा रोज मधल्या सुट्टीत त्या खिडकीशी जाऊन नसलेल्या गावाची गाडी विचारायचे. रोज नवं गाव. पहिले काही दिवस तिने वेळापत्रक चाळलं. मग एक दिवस मान वर न करता म्हणाली, "ती गाडी तुमच्या डोक्यातून सुटते. तिकडेच जाऊन बसा." तक्तेबुवा तिथेच गार झाले. पुढच्या वर्षी लग्न.

लग्नानंतर ती त्यांना चारचौघांत 'अहो' म्हणायची आणि घरात 'गाढवा'. त्यांना दुसरं जास्त आवडायचं.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तीही. जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, अक्षर गेलं. चौकशीच्या खिडकीतल्या बाईला स्वतःचं नावसुद्धा वाचता येईना. हॉस्पिटलवाल्यांनी चित्रांचा एक कागदी तक्ता दिला होता, बोट ठेवून बोलायला. गुळगुळीत, रंगीत, हसऱ्या चेहऱ्यांचा. बाईसाहेबांनी तो पहिल्याच दिवशी खाटेखाली भिरकावला. दुसरा आणला, तोही. कागद म्हटला की त्यांचा हात उठायचा.

म्हणून तक्तेबुवांनी स्वतःचा तक्ता केला. कॉम्प्युटरच्या पोटात एक विसरलेलं कपाट असतं, अक्षरं घडवायचा छोटासा प्रोग्राम. त्यात एक जाळीदार कोरी चौकट मिळते. माउसने तिच्यात ठिपका ठिपका काळा करत गेलं की आपलं स्वतःचं अक्षर तयार होतं, जगात कुठल्याच वर्णमालेत नसलेलं. तक्तेबुवांना हे कपाट माहीत असण्याचं कारण काही फार उदात्त नव्हतं. त्यात त्यांनी कधीकाळी साहेबांना भोपळा करून ठेवलं होतं, मोठ्या साहेबांना टोपीवाला बेडूक, आणि अशा अक्षरांचा एक खास ड्युटी-तक्ता बनवला होता, जो डेपोतल्या मोजक्या मित्रांना घरी बोलावून दाखवला जायचा.

त्याच कपाटात त्यांनी बायकोचे शब्द काढले. पेला काढायला गेले, झाली कुंडी. पलंग काढायला गेले, झाली चाकं चोरीला गेलेली बस. 'दुखतंय'साठी एक तोंड काढलं, त्यात दात तीनच मावले. बाथरूमसाठी एक दार आणि त्याच्याबाहेर एकच चप्पल. लेकीसाठी दोन वेण्या. लेक तिशीची झाली होती, केस कापले होते, पण आईला वेण्याच आठवायच्या. 'गप्प बसा'साठी ओठांना कुलूप, ते सगळ्यात जास्त वापरलं जायचं. आणि तक्तेबुवांसाठी, अर्थातच, गाढव.

ती चित्रं बघून बाईसाहेब आजारपणानंतर पहिल्यांदा हसल्या. अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं. पण तो कागद नव्हता, हॉस्पिटलचं नव्हतं, नवऱ्याचा गाढवपणा होता. तो तिने जवळ केला. तक्तेबुवांनी ड्युटीच्या तक्त्यासारखी एक शीट करून तिच्या एकेका घरात एकेक चित्र मोठं करून लावलं. कुंडी म्हणजे पाणी हे डोक्यात बसायला महिने गेले. पण बसलं. हळूहळू सगळी बसली. संध्याकाळी ती बोट नाचवत बोलायची: कुंडी, खिडकी, गाढव, कुलूप. म्हणजे पाणी द्या, खिडकी उघडा, आणि अहो, तोंड बंद ठेवा.

मग मागच्या पावसाळ्याआधी दुसरा झटका आला. छोटासा. दिसायला काही बिघडलं नाही. पण बोलायला शिकवणाऱ्या बाई तपासून म्हणाल्या, "काका, आता नवीन शिकवायच्या भानगडीत पडू नका. नवीन बसणार नाही. जे बसलंय ते तेवढं जपा."

तक्तेबुवांनी जपलं. म्हणजे त्यांच्या मते जपलं. ती शीट त्यांनी तीन पेनड्राइव्हवर घेतली, स्वतःला ईमेल केली, लेकीला पाठवली, डेपोतही एक प्रत ठेवली. घराला आग लागली तरी आपल्या बायकोचं बोलणं जळणार नाही, असं ते छाती फुगवून सांगायचे. फक्त त्यातली एकही प्रत त्यांनी दुसऱ्या मशीनवर कधी उघडून पाहिली नव्हती. कशाला पाहतील? घरी ती चालत होती.

*

बाईसाहेबांना आंघोळ घालून, कोरडे कपडे चढवून, पलंगावर निजवून लेक बाहेर आली तोवर तक्तेबुवांनी चपला घातल्या होत्या.

"जुनं मशीन परत आणतो. कालच तर दिलंय."

रिपेअरवाल्याच्या दुकानात जुने मॉनिटर छतापर्यंत रचलेले होते आणि मधल्या खिंडीत तो बसलेला. तक्तेबुवांना बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"या बुवा. मशीन आहे तुमचं, अजून हात लावला नाही."

"तेच न्यायला आलोय. हिच्या शीटच्या चित्रांची फाइल राहिली आत."

"आत?" रिपेअरवाला हसला. "आत चिटपाखरू नाही. मी सकाळी चालू करून बघितलं."

"पुसलंय रे मी. पण पुसलेलं तू परत आणतोस ना? त्या वकिलाचे सगळे फोटो आणलेस."

"वकिलाने नुसतं डिलीट केलं होतं, बुवा. म्हणजे दारावरची पाटी काढली होती, घर तिथंच. तुम्ही काय लावलंत?"

तक्तेबुवांनी प्रोग्रामचं नाव सांगितलं.

"तो? तो तर घर पाडून वर नांगर फिरवतो. कितीदा फिरवलात?"

"सात."

रिपेअरवाल्याने लांबलचक शीळ घातली. "सातदा कुणी फिरवतं का? दरोडा-बिरोडा घातला होतात का?"

हा रिपेअरवाला डेपोचीही मशीनं दुरुस्त करायचा. साहेबांचा शिपाई रोज त्याच्याकडे गप्पा मारायला बसायचा. भोपळा आणि बेडूक चुकून त्याच्या नजरेला पडले तर नोकरीच्या शेवटच्या वर्षात फजिती होईल, म्हणून काल दुपारी त्यांनी ते मशीन घासून घासून पुसलं होतं. पुसताना मजा आली होती त्यांना. गेले साहेब, गेले मोठे साहेब, असं म्हणत लेकीला टाळीसुद्धा दिली होती.

"शीट आहे ना तुमच्याकडे?" रिपेअरवाल्याने विचारलं.

"आहे. सगळीकडे आहे."

"पण शीटमध्ये काय असतं बुवा, नुसते नंबर. या घरात अमुक नंबरचं अक्षर लाव, त्या घरात तमुक. अक्षरांची चित्रं दुसऱ्या फाइलीत. ती उचलली नाही तर..."

"माहीत आहे रे."

"हो, तुम्हाला मी काय सांगणार."

खरंच माहीत होतं. डेपोत कुणी बिनफॉन्टची फाइल पाठवली की तक्तेबुवा त्याला फोन करून म्हणायचे, "वर पाठवलात, वरात घरीच ठेवलीत." सगळा डेपो हसायचा. आज स्टुलावरून उठताना त्यांचा गुडघा कट्कन वाजला, आणि त्या दुकानात तेवढाच आवाज झाला.

*

घरी लेकीने कामाला सुरुवात केली होती. तिने इंटरनेटवरून चित्रं उतरवली, शीटमध्ये नीट बसवली. निळं पाणी भरलेला पेला, पांढरीशुभ्र उशी, लाल चौकटीची खिडकी. बघत राहावं अशी.

"आई, हे बघ. पाणी." तिने पेल्यावर बोट ठेवलं आणि खराखुरा पेला आईच्या ओठाला लावला. बाईसाहेब प्यायल्या. "आता तू दाखव. पाणी कुठेय?"

बाईसाहेब पडद्याकडे बघत राहिल्या. परक्याच्या घरी आपल्यापुढे त्यांच्या सहलीचे फोटो धरले की आपण बघतो ना, मान डोलावत, कुणालाच न ओळखता, तसं. मग त्यांनी विचार करून लाल खिडकीवर बोट ठेवलं आणि लेकीच्या तोंडाकडे बघितलं, बरोबर आलं का म्हणून.

"नाही आई. पुन्हा बघ."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी बोट उचललंच नाही.

लेक स्वयंपाकघरात गेली. तक्तेबुवा मागून गेले. ती नळ सोडून भांडी विसळत होती, स्वच्छ भांडी.

"शिकेल गं," ते म्हणाले. "पहिल्यांदाही वेळ लागला होता. आधी तर तिला वाटायचं कुंडी म्हणजे मी तिला..."

"बाबा, त्या बाई काय म्हणाल्या होत्या ते मला माहीत आहे."

"डॉक्टर मंडळी बोलतात काहीही."

"तुमच्या साहेबाचा भोपळा लपवायला तुम्ही आईचं बोलणं पुसलंत." तिने नळ बंद केला. "आणि मला टाळी दिलीत. मी पण दिली."

तक्तेबुवा ओट्याला टेकून उभे राहिले. टेबलावर मिठाची बाटली होती. तिचं झाकण त्यांनी उघडलं, लावलं, उघडलं, लावलं.

"चिडलीस ते बरं झालं," शेवटी ते म्हणाले. "तुझी आईसुद्धा चिडली असेल. पण तिला सांगता येत नाहीये ना आता."

*

फोटो लेकीनेच शोधून काढला. आईच्या वाढदिवसाचा, तिच्या फोनमधला. बाईसाहेब खुर्चीत, डोक्यावर कुणीतरी खोडीने चढवलेली टोपी, आणि त्यांच्या खांद्यामागे जुन्या मॉनिटरचा एक कोपरा. धूसर. पण मोठं करून पाहिलं तर कुंडी दिसत होती, खिडकी दिसत होती, चाकं नसलेल्या बसचा पुढचा भाग दिसत होता, दार दिसत होतं. बारकावे मात्र पुसट होते, आणि चप्पल खांद्याआड गेली होती.

तक्तेबुवांनी नव्या लॅपटॉपवर ते विसरलेलं कपाट उघडलं. कोरी जाळी आली. चष्मा कपाळावर सरकवला, डोळे पडद्याला लावले आणि ठिपके भरायला लागले.

पहिला पेला झाला तो सुबक झाला. इतक्या वर्षांत हात बसला होता की काय कोण जाणे. बाईसाहेबांपुढे धरला. त्यांनी बघितलं आणि नजर काढून घेतली.

"हा नाही?"

नाही.

"अगं पेलाच आहे की."

त्यांनी बोटाने पडद्यावर, पेल्याच्या उजव्या कडेवरून, हवेत एक रेघ ओढली. बाहेर कलती. तक्तेबुवांनी कड बाहेर कलवली. नाही. अजून कलवली. बाईसाहेबांचं बोट वर गेलं आणि काठाशी टकटकलं. तिथे काय होतं? पाणी उडतंय असं दाखवायला त्यांनी कधीतरी दोन शेंडे काढले होते, त्यामुळेच तर पेल्याची कुंडी झाली होती. त्यांनी शेंडे काढले. एक लांब, एक आखूड.

बाईसाहेबांच्या घशातून एक आवाज आला. त्याला हसणं म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा. लेकीने ते हसणंच धरलं आणि ती तोंड फिरवून खिडकीपाशी गेली. बाईसाहेबांनी कुंडीवर बोट ठेवलं, आणि मग टेबलावरच्या पाण्याकडे डोळे नेले.

"पाणी!" तक्तेबुवा ओरडले. "पाणी म्हणाली! ऐकलंस का गं? पाणी म्हणाली!"

त्या आठवड्यात हे असंच चाललं. लेकीने रजा वाढवली. तक्तेबुवा डेपोतून आले की हातपाय धुवायच्या आधी पडद्यापुढे बसायचे आणि बाईसाहेब शेजारच्या खुर्चीत, परीक्षकासारख्या. काहीही सरळ, नीट, देखणं झालं की नापास. रेघ घसरली, दार वाकडं झालं, की बोट पुढे यायचं. एका माणसाला आपल्याच चुका जशाच्या तशा आठवून पुन्हा करायच्या होत्या, आणि तेही दुसऱ्याला पसंत पडतील अशा. तक्तेबुवांनी आयुष्यात इतक्या चुका केल्या होत्या; त्यांतल्या या एवढ्याच नेमक्या आठवेनात.

खिडकी परत आली. बस परत आली. दार आलं, चप्पल डाव्या पायाची होती का उजव्या, यावर दोन दिवस गेले, आणि डाव्या पायाची निघाली. वेण्या आल्या तेव्हा बाईसाहेबांनी लेकीचा हात धरून ठेवला.

उशी आली नाही. तीन दातांचं तोंड आलं नाही. तक्तेबुवांनी दात वर काढले, खाली काढले, एक पडलेला दाखवला. बाईसाहेब कंटाळून डोळे मिटायच्या. आता त्यांना दुखलं की सांगायला काही नव्हतं. लेक आणि बाप त्यांचं कपाळ बघून ओळखायचे, किंवा ओळखायचे नाहीत.

कुलूपही आलं नाही. फोटोत ते नव्हतं. कुलपाला किल्ली होती का, ओठ बंद होते की चंबूसारखे, काही केल्या जमेना. जेवढं जमलं तेवढं तक्तेबुवांनी लावून ठेवलं, पण बाईसाहेबांच्या लेखी ते घर रिकामंच होतं. त्यामुळे आता त्या नवऱ्याला 'गप्प बसा' म्हणू शकत नव्हत्या. तशी वेळही फारशी यायची नाही. ते आपणहून गप्प असायचे.

*

गाढव त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. म्हटलं, हे तर डोळे मिटून काढू.

लेकीच्या निघण्याच्या आदल्या दुपारी त्यांनी ते काढलं. लांब कान, लोंबता ओठ, पोटाखाली चार काड्या. "हे बघा कोण आलंय," ते म्हणाले आणि पडदा बायकोकडे वळवला.

बाईसाहेबांनी बघितलं. नाही.

कान आखूड केले. नाही. एक कान पाडला. नाही. शेपूट दिली, शेपूट काढली. डोळा मोठा केला. तक्तेबुवा खाली वाकून स्वतःच्या कानांना हात लावून ते हलवून दाखवायला लागले. "मी गं मी. ओळखलं नाहीस? गाढव! तुझंच!" हे करताना ते हसत होते आणि लेक दाराआडून बघून स्वयंपाकघरात निघून गेली.

बाईसाहेबांनी डावा हात पुढे केला. पडद्याकडे नाही, माउसकडे.

"तू काढतेस? काढ. काढ की." त्यांनी घाईघाईने गाढव पुसलं, कोरी जाळी आणली, तिचा हात माउसवर नीट ठेवला. माउस थरथरत फिरला. जाळीवरून बाण वर गेला, कडेला गेला, बाहेर पडला, परत आला. बाईसाहेबांचे ओठ घट्ट मिटले होते. खिडकीत बसून उशिरा आलेल्या गाडीची वेळ शोधताना मिटायचे तसे. बाण जाळीच्या मध्याजवळ कुठेतरी थांबला. बोट खाली गेलं. टिक.

एक ठिपका उमटला.

तक्तेबुवा वाट बघत राहिले. बाईसाहेबांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"बस? एवढंच?"

त्यांनी मान हलवली. हो.

तिला गाढव विसरायला झालं होतं, का हात दमला होता, का आणखी काही काढायचं होतं आणि ते मध्येच सुटलं, हे कळायला मार्ग नव्हता. तक्तेबुवांनी विचारलं नाही. विचारायचं म्हटलं तर तिने उत्तर कशाने द्यायचं? त्यांनी ते अक्षर साठवलं, शीट उघडली आणि आपल्या घरात लावलं. मोठ्यात मोठा आकार केला तरी ते राईएवढंच दिसत होतं.

"हा मी ना?" त्यांनी विचारलं.

बाईसाहेबांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. बोटाखाली तो पुरता झाकला गेला.

मग तक्तेबुवांनी लेकीला हाक मारली आणि चित्रांची फाइल कुठे असते, कशी उचलायची, कुठे टाकायची ते शिकवलं. लेकीच्या मशीनवर ती घालून, शीट उघडून, कुंडी दिसते का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग डेपोत जाऊन साहेबांची परवानगी काढून साहेबांच्याच मशीनवर घातली. "कसली चित्रं ही?" साहेबांनी विचारलं. "घरची आहेत साहेब," तक्तेबुवा म्हणाले. साहेब म्हणाले, "असू द्या."

सकाळी लेकीची गाडी होती. बॅग दाराशी ठेवून ती आईच्या खुर्चीशी आली. जाण्यापूर्वी आवरून ठेवायची तिची सवय. तिने टेबल पुसलं, पेला भरला, ओढणीचं टोक हातात धरून लॅपटॉपचा पडदा पुसायला घेतला. वरून खाली, एकेका ओळीने. शेवटच्या ओळीत तिचा हात अडला. तिने नखाने खरवडलं. तोंडाची वाफ सोडली, पुन्हा घासलं.

"बाबा, इथे काहीतरी चिकटलंय. निघत नाहीये."

"घासू नकोस," लेकीची बॅग उचलून दारात उभे असलेले तक्तेबुवा म्हणाले. "मी आहे तो."

लेकीचा हात पडद्यावरच राहिला. बाईसाहेबांनी डाव्या हाताने तो हलकेच बाजूला सारला, आणि ठिपक्यावर बोट टेकवलं. टक टक.

तक्तेबुवा बॅग खाली ठेवून आत आले.